मामांचा एका ओळीचा प्रश्न

मामांच्या पत्राला प्राध्यापकांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. मामा पिढीजात औषधी बियांचा अर्क काढत. तो जखमेतले जंतू मारतो, हे प्रयोगशाळेत दाखवूनच या प्राध्यापक भाच्याचं नाव झालं होतं. मामांनी लिहिलं होतं, "भाचेराव, स्पिरिटातला अर्क फार झोंबतो, पोरं घर डोक्यावर घेतात. म्हणून हल्ली बिया नुसत्या पाण्यात उकळतो. माझ्या चिघळलेल्या पायालाही तेच लावतोय. चालेल ना?"

"अहो, त्यांना फोनवर ऐकू येत नाही, पत्राची वाट बघत असतील," बायको रोज टोकायची. "एका ओळीच्या उत्तराला केवढा तो घोळ!"

"एकदा तपासतो आणि मग लिहितो," हे त्यांचं ठरलेलं.

अखेर त्यांनी जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत तीन थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पाण्यातल्या अर्काभोवती जंतू तसेच होते. स्पिरिटातल्या अर्काभोवती नेहमीसारखे मेले होते. तिसरा थेंब होता नुसत्या स्पिरिटाचा. तो तपासायचं आजवर कधी सुचलंच नव्हतं. त्याच्याभोवतीही तेवढेच मेले होते.

उत्तर त्याच दुपारी कुरियरने गेलं.


"मामा, पाय आजच डॉक्टरांना दाखवा. पाण्यातल्या बिया चालणार नाहीत. नुसतं स्पिरिट चाललं असतं."