हा गेम चालन का?
कपाशीवर फवारणी करताना विष डोळ्यांत गेलं आणि शिवमची नजर कायमची गेली. जुन्या कॉम्प्युटरवर क्रिकेटचा नवा गेम चालेल का, हे विचारायला तो त्याच आठवड्यात जाणार होता. दवाखान्यातून घरी आल्यावर तो बहिणीला म्हणाला, “आचल, तू इचारून ये.” ती कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड रुमालात गुंडाळून परतवाड्याला उसामाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. त्यानं कार्ड लावून पाहिलं. “चालन ताई, पण चित्र धूसर दिसन.” “दिसू द्या,” ती कशीबशी म्हणाली आणि गेम घेऊन घरी आली. “तू खेळ, मी आयकतो,” म्हणत शिवम शेजारी बसला. पहिल्याच चेंडूवर तिचा त्रिफळा उडाला. “काय झालं वं?” त्यानं विचारलं. “चौका मारला, दादा.” स्टंप पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला होता. शिवम तरीही टाळ्या वाजवत म्हणाला, “आता एक सिक्सर मार.”