तोंडपाठ

हल्ली मान वळवली की क्रेनवाल्या काकांना समोरचं सगळं हलताना दिसायचं. वय झालं, दुसरं काय! वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मान डावी-उजवीकडे हलवत तक्त्यावरची शेवटची ओळ वाचा.”

अक्षरं नाचत होती, तरी काकांनी ओळ घडाघडा म्हटली.

“कमाल आहे हो काका, या वयात नजर इतकी स्थिर!” बाईंनी सही ठोकली.

काका मिशीत हसले. अकरा वर्षं तोच तक्ता!

तासाभराने लोखंडी तुळई हवेत लटकत होती आणि वाऱ्याने केबिन डुलत होती. तुळईखाली उभा राहून त्यांचाच जावई हाताने खुणावत होता. ‘थांबा’ की ‘खाली सोडा’? हात नुसता नाचत होता, आणि तो काही पाठ नव्हता.

काकांनी अंदाजाने दांडा ओढला.