हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की निवृत्त शिक्षक अंबाजी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला इस्त्रीचा कोट घालून पेन्शन कचेरीत जात. यंदाही ते तसेच निघाले आणि नातीच्या स्कूटरवर मागे बसले. राणी नुकतीच सरकारी शाळेत शिक्षिका झाली होती.

"आजोबा, आता घरीच फोनसमोर पापणी हलवली की दाखला जातो. उगीच परेशान होता."

"हौ," एवढेच ते म्हणाले.

इंदिरा पार्कपाशी त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. तिथे नव्या भरतीचे शिक्षक जुन्या पेन्शनसाठी धरणे धरून बसले होते. राणीलाही बोलावणे होते. पण जे मिळणारच नाही त्यासाठी ऊन कशाला खायचे, म्हणून ती गेली नव्हती.

"कचेरी पुढं आहे, आजोबा."

"दाखला मी सोमवारीच दिला. पापणी हलवून."

"मग इथं काय काम? तुमचं पेन्शन तर चालूच आहे."

"म्हणूनच आलो. ज्याला मिळत नाही त्यानं मागितलं, तर लोक म्हणतात हात पसरला. ज्याला मिळतंय त्यानं मागितलं, की हक्क म्हणतात."

पहिल्या रांगेत असेच इस्त्रीचे कोट आणि खळ दिलेल्या साड्या ताठ बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाचेही पेन्शन अडलेले नव्हते.

राणीने स्कूटर कडेला लावली. रांगेतल्या एक वृद्ध बाई किंचित सरकल्या आणि शेजारची सतरंजी हाताने झटकत म्हणाल्या, "बस गं. सकाळपासून तुझीच जागा धरून ठेवलीय आम्ही."