दुबार नावं

शोधाच्या चौकटीत तिने धाकट्या बहिणीचं नाव तिसऱ्यांदा टाईप केलं. तिसऱ्यांदाही शून्य आलं.

"परत तेच?" शेजारच्या मशीनवरून लंबूने मान लांब केली. "अगं चौकशी, सराव कर की जरा. उद्या परीक्षा आहे."

चौकशी हे नाव वर्गानेच ठेवलेलं. पहिल्या दिवशी तिने सरांना विचारलं होतं, की या माऊसला शेपूट आहे आणि तुमच्याला नाही, तर तुमचा चालतो कशावर? तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाच्या माडीवर हा वर्ग भरायचा. चौदा संगणक आणि चौदा मुलं. सगळी सरहद्द ओलांडून आलेली, छावणीत वाढलेली. सहा महिन्यांत टायपिंग, याद्या, तक्ते शिकायचे आणि मग कुठेतरी टेबल-खुर्चीची नोकरी शोधायची. तिला मात्र कुठेतरी नको होती. हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या कार्यालयात एकच जागा होती. तिथे बसणाऱ्याला सगळ्या छावण्यांच्या सगळ्या याद्या बघता येतात. उद्याच्या परीक्षेत पहिला येईल, त्याला ती जागा मिळणार होती.

दहा वर्षांपूर्वी पुलावरच्या रेटारेटीत धाकटीचा हात तिच्याच हातातून सुटला होता.

घरी मावशी दोरीवरचे कपडे काढत होती. भाचीचा चेहरा बघूनच ती काय ते समजली.

"शून्य?"

"शून्य." तिने कपड्यांचा ढीग मांडीवर घेतला. "मावशी, ती होती कशी गं? मला नुसता तिचा हात आठवतो. घामेजलेला."

"कशी म्हणजे? पक्की नकलाकार! तू खोकलीस की तीही खोकायची. तुझी आई तुमच्याकडून पाठ करून घ्यायची, आठवतं का? हरवलात तर सांगता यावं म्हणून, नाव, बापाचं नाव, गाव. तू छातीवर हात ठेवून ऐटीत म्हणायचीस. की लगेच ही टिकलीएवढी पोर तुझ्या शेजारी उभी! छातीवर हात ठेवून तशीच म्हणायची, शब्द न् शब्द. आम्ही हसून हसून लोळायचो." मावशी थोडा वेळ हातातला टॉवेल नुसताच झटकत राहिली. "बाहीची घडी नीट घाल. संगणक शिकलीस, पण सदरा घडी करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येकाच्या मशीनवर एक लांबलचक यादी उघडून दिली.

"ही सरावाची खोटी यादी नाही. शोध कार्यालयाची आहे, जुनी. तुम्ही साफ केलीत की ते तीच वापरणार. यात बऱ्याच जणांची नोंद दोनदा झाली आहे. एकदा सरहद्दीवर, एकदा छावणीत. नाव, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं, की एक ओळ ठेवा, बाकीच्या काढा."

"आणि जन्मतारीख, सर?" तिने विचारलं.

"तुझी काय आहे?"

"एक जानेवारी."

"लंबू, तुझी?"

"एक जानेवारी!"

वर्ग खो खो हसला. कागद हरवलेल्या प्रत्येकाला कारकुनाने तीच तारीख देऊन टाकली होती. साल टाकायचं ते तोंड बघून.

"आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना दिसत नाही तो?"

"तो मी लपवलाय. त्यात कारकुनांनी वाट्टेल ते लिहिलंय, तू शिरलीस तर बाहेर यायची नाहीस. काढलेल्या ओळी दुसऱ्या पानावर टाका. मी तपासून ते पान पुसून टाकीन. चला."

तिने आधी धाकटीचं नाव शोधलं. शून्य. मग पदर खोचावा तशी कुर्त्याची बाही वर सारली आणि कामाला लागली.

"सर, मी तीनदा आहे!" लंबू ओरडला. "आणि एका नोंदीत दुसरीपेक्षा पाच वर्षांनी मोठा. तिघं होतो, तर जेवण एकाचंच का मिळायचं?"

थोड्या वेळाने तिलाही स्वतःचं नाव सापडलं. दोनदा. तेच नाव, तेच वडील, तेच गाव. साल वेगळं होतं, पण सालाकडे बघतो कोण? म्हणजे मावशीने नोंदीमागे मिळणाऱ्या दुसऱ्या ब्लँकेटसाठी आपल्यालाही दोनदा रांगेत उभं केलं होतं तर! घरी गेल्यावर चिडवायला बरं झालं. हसत हसत तिने दुसरी ओळ उचलली आणि दुसऱ्या पानावर टाकून दिली.

पावणेपाचला सर तिच्या मशीनपाशी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही पानं वरून खालपर्यंत बघितली.

"दोनशे अकरा ओळी. एकही चूक नाही. जागा तुझी."

पोरांनी टेबलं बडवली. लंबूने तोंडाने तुतारी वाजवली. तिला फक्त एवढंच सुचत होतं, की आता सगळ्या याद्या. सगळ्या.

"पुसतो हे पान," सर म्हणाले आणि त्यांनी माऊस हातात घेतला.

"सर, एकच मिनिट. पुसायच्या आधी शेऱ्याचा रकाना दाखवा ना. माझ्याबद्दल कारकुनाने काय लिहिलंय बघते."

"नोकरी लागली तरी हिची चौकशी संपत नाही," असं म्हणत त्यांनी दोन्ही पानांवरचा रकाना उघडून दिला.

यादीत ठेवलेल्या तिच्या ओळीपुढे लिहिलं होतं : मावशीबरोबर आली. वय नऊ. खोकला आहे.

खोकला तिला आठवला. तिला हसू आलं. मग तिने दुसरं पान उघडलं आणि काढून टाकलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

एकटीच सापडली. वय तीनच्या आसपास. नाव विचारलं की छातीवर हात ठेवून एवढंच सांगते.