पाचशेंना आवतण

तळेगावच्या आमच्या हॉस्पिटलचे नऊ सर्व्हर एकाच स्टोरेजवर चालतात. कागदावर मी प्रत्येकाला मागेल तेवढी जागा दिली, प्रत्यक्षात डिस्क निम्मीच घेतली. हिशेब कीर्तनकार वडिलांचा, आबांचा: सप्त्यात आवतण पाचशेंना, भात तीनशेंचा, सगळे एकदम थोडेच येतात? आज नऊही सर्व्हर एकदम जेवायला आले. “मॅडम, नव्याण्णव टक्के भरलं. दहा मिनिटांत आयसीयूचा सर्व्हरही थांबेल,” सोबतचा इर्शाद म्हणाला. “काहीतरी उडवा.” उडवणार काय? सगळं पेशंटचं होतं. एकच फोल्डर माझा, गुपचूप ठेवलेला: गेलेल्या आबांची कीर्तनं. कॅसेटी बुरशीने गेल्या, दुसरी प्रत नाही, कॉपीला तास लागणार. पंगतीत भात कमी पडला की आबा आम्हा पोरांना उठवायचे. “पावण्यांना जेवू द्या. घरच्यांनी उठायचं.” बोट डिलीटवर ठेवून मी पुटपुटले, “आबा, आता तुमी उठा.”