सहावा खेळाडू

"पाचव्या डावाला बोम-सोकच्या जागी हा-राम खेळायला बसेल," संघाचे प्रशिक्षक ग्वाक सर म्हणाले आणि हातातल्या बाटलीचं झाकण उगाच फिरवत बसले, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत बघायला नको.

रंगमंचामागच्या खोलीत सगळ्यांच्या नजरा बोम-सोककडे वळल्या. संगणकावरच्या खेळाचा हा उपांत्य सामना दोन-दोन असा बरोबरीत होता. हा डाव जिंकेल तो संघ अंतिम सामन्यात, हरेल तो घरी. चौथा डाव बोम-सोकच्या चुकीने गेला, हे अख्ख्या सोल शहराने पडद्यावर बघितलं होतं. तरी आपल्याला उठवतील असं त्याला वाटलं नव्हतं. वर्षभर कुणी उठवलं नव्हतं.

"सर, मीच खेळतो. आता मला कळलंय समोरचा ग्वोन कसा खेळतोय ते."

"बस जरा. पाच जणांच्या खेळात सहावा कशाला, म्हणून संघाचे मालक वर्षभर माझं डोकं खातायत. मी त्याला काय शोभेला ठेवलाय?"

बोम-सोक सोफ्यावर बसला. नव्या वर्षात त्याला सैन्यात जायचं होतं. सक्तीची सेवा ती, कुठल्याच पोराला चुकत नाही, पण दीड वर्षाने परतणाऱ्याची बोटं या खेळात म्हातारी ठरतात. म्हणजे हाच मोसम शेवटचा, आणि तो असा सोफ्यावर संपायचा.

समोर हा-राम थंडीत हात शेकायची गरम पुडी मुठीत दाबून उभा होता. संघातला सगळ्यांत धाकटा. सरावात त्याचं काम एकच: पुढच्या सामन्यात जो समोर येणार, त्याची हुबेहूब नक्कल करायची, म्हणजे बोम-सोकला त्याची सवय व्हावी. या आठवड्यात तो आजचा प्रतिस्पर्धी ग्वोन झाला होता. ग्वोन हल्ल्याआधी किंचित मागे सरकतो, हे त्यानेच बोम-सोकच्या अंगवळणी पाडलं होतं. मागे सरकला की सावध व्हायचं.

आज ग्वोन मागे सरकतच नव्हता. उभ्या जागेवरून झेप घेत होता. बोम-सोकला हे उमगलं तेव्हा चौथा डाव हातचा गेला होता.

आता हे पोराला सांगायचं की नाही?

नाही सांगितलं, तर पोरगा तोंडावर आपटेल. मोसम संपेल, पण सगळे म्हणतील, बोम-सोकला उठवायला नको होतं. निदान नाव तरी राहील. असं काही आपल्या मनात यावं याची त्याला लाज वाटली. लाज वाटूनही तो तोच विचार करत राहिला.

दार उघडलं. आयोजकांपैकी, कानाला संपर्काचं यंत्र लावलेली एक मुलगी डोकावली. "हा-राम, चला, वेळ झाली."

हा-राम दारापर्यंत पोचला आणि बोम-सोकला राहवलं नाही.

"अरे ए, थांब. ग्वोन आज मागे सरकत नाहीये. त्याची वाट बघत बसू नकोस. दिसला की तूच घुस."

"माहितीये, दादा."

"माहितीये? कधीपासून?"

हा-रामने पुडी या हातातून त्या हातात घेतली. त्याचे कान लाल झाले होते.

"तिसऱ्या डावापासून," तो पुटपुटला. "इथून... इथून नीट दिसतं ना."

तिसरा डाव संपल्यावर हाच पोरगा बोम-सोकच्या शेजारी येऊन बसला होता. दादाची बोटं चिकट होऊ नयेत म्हणून संत्रं सोलून एकेक फोड त्याच्या तोंडात घातली होती. हात चोळून दिले होते. "दादा, तुम्हीच जिंकवणार आपल्याला," असंही म्हणाला होता. एवढं सगळं बोलला होता, फक्त हे बोलला नव्हता.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायचं कुठल्या तोंडाने? आत्ता एवढा वेळ तो स्वतः काय करत बसला होता?

"जा," तो म्हणाला.

पाचव्या डावात हा-रामने ग्वोनची वाट बघितली नाही. दिसला की तोच घुसत होता. ग्वोन एकदा पडला, पुन्हा पडला, मग त्याचा संघच ढासळला. बोम-सोक खोलीतल्या पडद्यावरून नजर काढत नव्हता. खरंच, इथून नीट दिसत होतं. हल्ला करताना हा-राम दर वेळी आपली उजवी बाजू उघडी टाकत होता. ग्वोन घाबरला होता, म्हणून निभावलं. अंतिम सामन्यातला संघ घाबरणाऱ्यांतला नव्हता.

भिंतीपलीकडे हजारो लोक एकदम ओरडले. जिंकले. ग्वाक सरांनी उडीच मारली आणि समोर होता त्या बोम-सोकलाच मिठी घातली.

"बघितलंस? म्हणे सहावा कशाला!" त्यांनी डोळे पुसले. मग आवाज खाली आणला. "हे बघ, अंतिम सामन्यालाही तोच बसेल. तो कमी पडला तरच तू. वाईट वाटून घेऊ नकोस. आणि तू इथून बघत होतास ना? त्याचं काही खटकलं का? आपण आधीच सांगू त्याला."

बाहेर बोळकंडीतून धावत येणारी पावलं ऐकू येत होती, आणि हा-रामच्या हाका. "दादा! दादा!"

"नाही, सर," बोम-सोक म्हणाला.

त्याने टेबलावरची संत्र्यांची परडी जवळ ओढली, त्यातलं एक चांगलंसं निवडलं आणि सावकाश सोलायला घेतलं, वरच्या पांढऱ्या शिरासुद्धा एकेक काढत.