मैनेचा डावा डोळा

घोड्याजवळ जायचं ते डाव्या अंगानंच, हे माथेरानातलं शेंबडं पोरही जाणतं. घोडेवाल्या हौसाबाई रोज सकाळी डावीकडूनच मैनेच्या गळ्यात हात घालायच्या, पण महिनाभर ती घोडी मान झटकून लांब सरत होती.

"तूही रुसलीस का गं, भवाने?" त्यांनी फटकारलं. मुलगा बायकोचं ऐकून नेरळला राहायला गेला, तेव्हाही त्यांनी 'थांब' म्हटलं नव्हतं. मग घोडीपुढं नाक कोण घासणार? त्या दाणा पुढ्यात सारून मुकाट्यानं आत जायच्या, आणि आत बोलायला कुणीच नसायचं.

आज जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बॅटरी मारून मैनेचा डावा डोळा पाहिला आणि हौसाबाईंना जवळ बोलावलं. डोळ्यातल्या पाण्यात दोऱ्यासारखा पांढरा किडा वळवळत होता.

"आजी, या डोळ्यानं तिला दिसतच नाही. अंगावर अचानक हात पडला की ती दचकते."

"अगं मेले, मला वाटलं तुला माज आलाय!"

"भूल देऊन किडा काढू. पण नजर परत येईलच असं नाही."

हौसाबाई वळसा घालून पलीकडं गेल्या. मैनेनं त्यांना पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावर तोंड टेकवलं. जन्मात कुणाची विनवणी न केलेली ती बाई हळूच म्हणाली, "बाई, किडा काढाल तेव्हा मला या अंगाला उभं राहू द्या. भूल उतरल्यावर तिला मी दिसायला हवी."